उंटाचं आवतन

बैलाला उभ्यानं नाल मारता येत नाही. घोडा पाय उचलून हातात देतो, बैल देत नाही. त्याला दोरानं पाडावं लागतं, चारी पाय बांधावे लागतात आणि एका भरभक्कम माणसाला त्याच्या मानेवर बसवावं लागतं. शिवाय बैलाचा खुर मधोमध चिरलेला, म्हणून एकेका पायाला दोन दोन पत्र्या. घोड्याचा नालबंद चार नालांत मोकळा होतो, आम्हाला आठ ठोकावे लागतात. आणि एवढं करून तो 'उस्ताद', आम्ही 'अबे ए नालवाल्या'. या अन्यायाबद्दल मी जन्मभर कुरकुर केली. आता संपादकांनी 'दिवाळीला तुमच्या धंद्याविषयी लिहा' असं सांगितलंच आहे, तर ती कुरकुर आधी छापून घेतो.

मी शेख करीम, अमरावतीचा. राजापेठेच्या पुढं, बडनेऱ्याच्या वाटेवर आमचं नालबंदीचं आवार होतं. आजोबा एलिचपूरच्या पलटणीबरोबर आले, ते घोड्यांचे नालबंद. वडील बैलांवर उतरले. ते गेले तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं. घरात आम्ही हिंदुस्थानी बोलतो, पण हे मराठीत लिहितो आहे, कारण बैलांशी मी आयुष्यभर मराठीतच बोललो आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि इकडे वऱ्हाडात ज्याच्या शेतात चार बोंडं फुटली तो पागोट्याला जर लावून फिरू लागला. आगगाडी नुकती अकोल्यापर्यंत आली होती, आमच्याकडे यायची होती. म्हणजे अमरावतीचा सगळा कापूस बैलगाडीनं अकोल्याला जायचा. शेतातल्या मऊ मातीत चालणाऱ्या बैलाला नाल लागत नाही, पण खडीच्या रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या बैलाचा खुर झिजतो, त्याला लागतो. त्यामुळं आमच्या आवारात पहाटेपासून बैलांची रीघ असे.

पैसा आला की अक्कल जरा बाजूला सरकते, हे मी तेव्हा जवळून पाहिलं. नांदगावकडचा एक मालदार गडी एक दिवस आला आणि म्हणाला, "माह्या जोडीले चांदीचे नाल मार." मी म्हटलं, "भाऊ, चांदी मऊ असते." तो म्हणाला, "तुले काय करायचं? बैल माहे, चांदी माही." मारले. बडनेरा यायच्या आत सगळ्या पत्र्या पोह्यांसारख्या चपट्या झाल्या. गडी परत आला, आणि माझ्याशी भांडला नाही, चांदीशी भांडला. सोनाराला शिव्या घालत लोखंडाचे नाल मारून घेतले आणि गेला. असं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही.

कापसाच्या वासानं तेव्हा कुठून कुठून माणसं आली. कच्छी, मारवाडी, मुंबईचे दलाल, कोकणातले कारकून. कारकुनांना आमचं तिखट सोसत नसे, आणि त्यांचं बोलणं ऐकताना आम्हाला कुणी कानात तूप सोडतंय असं वाटे. या सगळ्यांना पेठेनं घर भाड्यानं दिलं, दुकान दिलं आणि 'उपरे' हे नावही दिलं. त्यांतला एकजण मात्र कापूस विकत घ्यायला आला नव्हता. तो कापूस वाहायला आला होता, आणि त्याच्याकडे बैल नव्हता.

मार्गशीर्षात अवकाळी पाऊस पडून गेला होता, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. आमची काळी माती ओली झाली की तिच्यावर देवही घसरेल. मी यमुनाबाईचा बैल पाडून बसलो होतो. या यमुनाबाईची ओळख आधी करून देतो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि तीन गाड्यांचा कारभार एकटीच्या जोरावर. गाडीवानाच्या शेजारी धुरेवर बसून ती स्वतः अकोल्याला जाई. पेठेत तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. पाटीलसुद्धा तिला येताना पाहून पागोटं बांधायचं निमित्त करून आत जात. त्या दिवशी तिची कापसानं भरलेली गाडी आवारासमोर धुरेखाली टेकण लावून उभी होती. जोडीतला एक बैल गाडीला बांधलेला, दुसरा, पवळ्या, माझ्यापुढं आडवा. पवळ्याच्या मानेवर आमचा बाबूखाँ. बाबूखाँला दुसरं काही काम येत नसे, पण त्याचं वजन असं होतं की दुसरं काही यायची गरजही नव्हती.

तेवढ्यात दारातून एक लांबलचक मान आत आली. मानेच्या बऱ्याच मागून एक उंट आला आणि उंटाच्या मागून चिखलानं माखलेला, लाल पागोट्याचा माणूस. त्यानं हात जोडले.

"भाईजी, म्हारे ऊंट के नाल ठोक दो."

हा जोराराम. मारवाडातून आलेला. मागून कळलं की उंट कापसाचे डोकडे, म्हणजे गाठोडी, घेऊन नाल्याच्या उतारावर सपशेल घसरला होता आणि शेजारून आमचे बैल ठाम पाय रोवत निघून गेले होते. जोरारामनं बैलांचे पाय निरखून पाहिले, नाल दिसले आणि सगळं गुपित त्याच्या ध्यानात आलं. वऱ्हाडात उभं राहायचं तर नाल पाहिजेत!

मी उंटाचा पाय पाहिला. खुर कसला, भाकरीएवढी मऊ गादी. म्हटलं, "जोराजी, यात खिळा कुठं मारू? ही तर भाकर आहे." त्याला वाटलं, मी परक्या माणसाला टाळतो आहे. तो म्हणाला, "बैल के ठोको हो, म्हारे के कोनी ठोको?" बैलाला मारता, माझ्याला नाही, आणि त्याचे डोळे भरून आले. मी समजूत घालायला उठणार, तोच वारा फिरला.

उंटाचं नाव गुलाब होतं, पण त्याच्या वासाचा आणि नावाचा काही संबंध नव्हता. तो वास पवळ्याच्या नाकात गेला. जन्मात उंट न पाहिलेला बैल, पाय बांधलेले, एका पायाला अर्धा नाल, आणि तो दोर तोडून उठला. बाबूखाँ मानेवरच होता. आवाराच्या भिंतीपर्यंत तो बसून गेला आणि तिथून पुढं हवेतून गेला. बाहेरच्या बैलानं दाव्याला असा हिसडा दिला की टेकण सुटलं, गाडी कलंडली आणि पांढराशुभ्र कापूस काळ्या चिखलात पसरला.

यमुनाबाईनं आधी कापसाकडं पाहिलं, मग उंटाकडं पाहिलं.

"काहून रे करीम," ती म्हणाली, "नाल मारून राहिला का माह्या नशिबाले खिळे मारून राहिला? अन् हे काय हाय? जनावर हाय का मनोरा?"

संध्याकाळी पाटलांच्या ओसरीवर पंच बसले. देवराव पाटील मनानं वाईट नव्हते, पण ज्या बाजूनं मोठा आवाज येई त्या बाजूला त्यांचा न्याय झुके, आणि आवाज यमुनाबाईचा होता.

"हे ध्यान पेठेत राह्यलं, तर एकबी बैल धड राहणार नाही," ती म्हणाली. "याले आजच हाकला." तिच्या मागून तिघं गाडीवानही "हाकला" म्हणून ओरडले.

पाटलांनी जोरारामला विचारलं, "कायले आणलं बापा याले इथं?"

जोरारामनं सांगितलं की त्याच्या मुलखात पाऊस नाही, गुरं मेली, गुलाब तेवढा उरला. इथं काम आहे ऐकलं, म्हणून बायकोला त्याच्या पाठीवर बसवून चालत आला. परत जायला जागा नाही. बायको केसरबाई ओसरीच्या पायरीखाली पदर ओढून उभी होती. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही, सगळे उंटाकडं पाहत होते.

तोंड उघडायचं माझं काम नव्हतं, पण धंद्याची गोष्ट निघाली की मला गप्प बसवत नाही. म्हटलं, "पाटील, उंट पेठेतून काढाल, पण रस्त्यावरून कसा काढाल? अकोल्याच्या वाटेवर तो भेटणारच. बैल वासाला भितो, आणि सवयीनं भीती जाते. माझ्या आवारात पेठेतले सगळे बैल येतात. उंटाला तिथं ठेवू. हळूहळू ओळख होईल."

"ओळख?" यमुनाबाई म्हणाली. "सोयरीक जुळवून राहिला काय?"

ओसरी हसली आणि हसण्यानं पाटलांना धीर आला. त्यांनी निकाल दिला, "पोळ्यापर्यंत राहू द्या. पोळ्याले पेठेतले सारे बैल तोरणाखाली रांगेनं उभे राह्यतात. उंटालेबी तिथंच उभं करा. रांग मोडली, तर ज्याच्या पायी मोडली त्यानं त्याच दिवशी पेठ सोडायची. हा माहा शब्द हाय."

"अन् आवतन?" यमुनाबाईनं विचारलं. "आवतनाबगर तोरणाखाली कोनी येत नसते, पाटील."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाचे खांदे लोणी-हळदीनं मळतात. वर्षभर जू वाहून ते दुखावलेले असतात. मग हात जोडून बैलाला जेवणाचं आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मालकानं आपल्याच गोठ्यात आपल्याच बैलाला अहोजाहो करून बोलवायचं. वर्षभर चाबूक आणि एक दिवस 'या'. आणि हे आवतन बैलवाल्याच्या घरचंच असावं लागतं. जोरारामकडे बैल नव्हता. माझ्याकडे तर रोज सगळ्या पेठेचे बैल असत, पण माझा एकही नव्हता.

"जो बैलवाला देईन त्याचं आवतन," पाटील म्हणाले आणि पागोटं सारखं करत आत गेले.

जोराराम, केसरबाई आणि गुलाब आमच्या आवाराच्या मागच्या छपरात राहायला आले. अम्मानं त्यांना पाहून डोक्याला हात लावला, मग चूल मांडून दिली.

मी कामाला लागलो. आधी उंट आणलाच नाही. त्याच्या पाठीवरची घोंगडी दारावर टांगली. आठवडाभर बैल तिला फुसफुसले, मग कंटाळले. मग गुलाबला पार लांबच्या लिंबाखाली बांधला, तिथून जरा अलीकडे, मग आणखी अलीकडे. होळीपर्यंत तो बैलांच्या दावणीला, म्हणजे त्यांच्याच लांब दोराला बांधलेला होता. पेठेतले बैल माझ्याकडं यायचे, पडायचे, नाल मारून घ्यायचे आणि उंट वरून हा तमाशा पाहत रवंथ करायचा. त्याच्या चेहऱ्यावरून वाटे की नाल मारायची माझी पद्धत त्याला फारशी पसंत नाही.

पवळ्याचं मात्र भलतंच झालं. सगळ्यांत आधी उधळला तोच सगळ्यांत आधी निवळला, आणि पुढं तर त्याला गुलाबचा लळा लागला. नाल मारून झाला तरी हलेना. उंटाच्या सावलीत जाऊन उभा राही. यमुनाबाईच्या गाडीवानाला त्याला ओढत न्यावं लागे. हे बाईला कोण सांगणार? आम्ही कुणी सांगितलं नाही.

केसरबाईनं उन्हाळ्यात दारात पाण्याचे माठ मांडले. आमच्या घरचं पाणी सगळे गाडीवान पीत नसत. रीतच तशी होती आणि मी त्याचं वाईट मानत नसे, असं मी लोकांना सांगत असे. मानत होतो. आता तेच गाडीवान माझ्याच दारात ओंजळी धरून उभे राहू लागले. पाण्याशिवाय दिवस कसे काढतात ते ती बाई पाहून आली होती, त्यामुळं पाणी घालताना तिचा हात कधी आखडला नाही. कोण, कुठला, कुणाचा, तिनं विचारलं नाही. तिच्याशी बोलत मात्र कुणी नसे. पाणी प्यायचे, मिशा पुसायचे आणि "उंटवालीचं पाणी गार हाय" असं एकमेकांना सांगायचे.

माझ्या उद्योगाचं फळ मला अकोल्याला दिसलं. मी लोखंडाच्या पट्ट्या आणायला गाड्यांबरोबर गेलो होतो, जोरारामही डोकडे घेऊन तांड्यात होता. मुर्तिजापूर ओलांडेपर्यंत काही झालं नाही. अकोल्याच्या बाजारात उंट शिरला आणि बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, कुठकुठचे बैल एकदम उधळले. एक गाडी भांड्यांच्या दुकानात गेली. अमरावतीचे बैल तेवढे जागच्या जागी उभे, शेपट्या हलवत. अकोल्याचे गाडीवान काठ्या घेऊन जोरारामवर धावले. मी जागचा उठायच्या आत आमचे गाडीवान मधे पडले. त्यांत पंचांपुढं 'हाकला' म्हणून ओरडलेले तिघं मला स्पष्ट दिसले.

"हात लावून पाहा!" त्यांतला एक ओरडला. "आमचा उंट हाय तो. तुमचे बैल भेकड, त्याले आमी काय करावं?"

"उंट कधीपासून तुमचा झाला बे?" अकोलेकरानं विचारलं.

"आमच्या अमरावतीत लहान लहान गोऱ्हेबी उंटासंगं राह्यतात!"

ही थाप होती, पण त्या वेळी फार शोभली. परतीच्या वाटेवर त्यांनी जोरारामला चिलीम दिली. पेठेत शिरताच मात्र सगळे पुन्हा गंभीर झाले, कारण पेठेत यमुनाबाई होती.

पावसाळा आला आणि पोळा जवळ येऊ लागला. मी बैलवाल्यांच्या घरोघरी गेलो. म्हटलं, उंटाला आवतन द्या. कुणाची लोण्याची लोटकी फुटली होती, कुणाचं सुतक होतं. एकाला तर सासऱ्याला विचारावं लागणार होतं आणि सासरा मरून गेला होता. खरं कारण सगळ्यांचं एकच. यमुनाबाई शेजारी राहते. जोरारामनं सामान बांधायला घेतलं. केसरबाई माठ धुऊन पालथे घालत होती, ते पाहून अम्मा घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आदल्या संध्याकाळी पेठेत गोठ्यागोठ्यांत लोणी-हळद घुसळली जात होती. आम्ही आवारात तोंड पाडून बसलो होतो. तेवढ्यात धुतलेला, गोंडे बांधलेला पवळ्या एकटाच डुलत डुलत दारातून आत आला, सरळ गुलाबपाशी गेला आणि दावणीवर त्याच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या मागं यमुनाबाई. एका हातात लोण्याची वाटी, दुसऱ्या हातात तुटलेलं दावं, आणि श्वास चढलेला.

"हा इथं काहून येते रे?"

तिनं पवळ्याला ओढलं. बाबूखाँनं ओढलं. पवळ्या खाली बसला. आम्ही बैल पाडणारी माणसं. बसलेला बैल उठवायचं शिक्षण आम्हाला नव्हतं. इकडे दिवस बुडायला आला. दिवा लागायच्या आत आवतन झालं पाहिजे, आणि रीतभात पाळण्यात यमुनाबाईचा हात पेठेत कुणी धरला नसता. बाईमाणसानं, त्यातून विधवेनं आवतन द्यावं का, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "खांदे बैलाचे दुखतात, माहं कपाळ कायले पाहून राहिले?" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

"मर मग इथंच," असं म्हणून तिनं तिथंच पवळ्याचे खांदे मळले. हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि डोळे उघडते तो वरून एक लांब मान खाली आली आणि वाटीत डोकावली.

यमुनाबाई थांबली. तिनं पवळ्याकडं पाहिलं, गुलाबकडं पाहिलं, मग दोघांच्या पुढून गेलेल्या दावणीच्या दोराकडं पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि मला एकदम कळलं काय झालं ते. एका दावणीच्या जनावरांत दुजाभाव करायचा नाही. एकाला आवतन दिलं की सगळ्या दावणीला द्यायचं, नाहीतर ते आवतनच लागत नाही. ही रीत न पाळल्याबद्दल तिनं पेठेतल्या अर्ध्या घरांना सुनावलेलं होतं.

"ही दावण एकच हाय काय रे?" तिनं विचारलं.

"एकच, काकी."

"दुसरी नाही?"

"दुसरी नाही."

तिनं एक मोठा सुस्कारा टाकला. "बरं. याचा खांदा कुठी हाय?"

खांदा! जू न वाहणाऱ्या जनावराला दुखरा खांदा कुठून असणार? जोरारामनं घाईघाईनं खूण केली आणि गुलाब कुरकुरत, टप्प्याटप्प्यानं खाली बसला. यमुनाबाईनं लोण्याचा हात त्याच्या मदारीवर फिरवला. "देवानं खांदा पाठीवर लावला याच्या," ती पुटपुटत होती, "अन् हे माह्याच दावणीले आलं." मग हात जोडून, पेठेला ऐकू जाईल अशा रागानं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

गुलाबनं उरलेलं लोणी वाटीसकट चाटलं.

बाबूखाँ उड्या मारू लागला, म्हणजे जमीन हलू लागली. जोराराम उंटाच्या मानेला मिठी मारून रडत होता. यमुनाबाई वाटी पुसत वळली आणि तिला छपराच्या दारात उभी असलेली केसरबाई दिसली. दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या. वर्ष होत आलं होतं, आणि एका पेठेत राहून त्या बाईला जेवायला या असं कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी उंटाची काळजी वाहिली होती, माणसांची गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती.

"तू काय पाहून राहिली?" यमुनाबाई म्हणाली. "उंट जेवीन अन् तू दारात उभी राहशीन काय? तुमी दोघंबी या."

दुसऱ्या दिवशी पोळा. पाटलांच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. पेठेतले सगळे बैल रांगेत, रंगवलेली शिंगं, झुली, गोंडे, आणि पवळ्याच्या शेजारी गुलाब. त्याच्या गळ्यात केसरबाईनं कवड्यांची माळ घातली होती. सबंध पेठ बैलांकडं न पाहता त्यांच्या पायांकडं पाहत होती. जोराराम तोंडात पागोट्याचं टोक धरून उभा होता. एकही बैल हलला नाही. मी सगळ्यांचे खुर चाटले असते, एवढा मला आनंद झाला होता.

मानाचा बैल पाटलांचा, सगळ्यांत पुढं. पाटलांनी कापसाच्या पैशातून त्याला मुंबईची झूल आणवली होती, काठाला पितळी घुंगरं. पुरोहितानं पूजा सुरू केली आणि ती जड झूल हळूहळू घसरून बैलाच्या पोटाखाली गेली. बैलानं पाय हलवला. पोटाखाली घुंगरं वाजली. आपल्यामागं कुणीतरी लागलंय असं वाटून तो पळाला, तशी घुंगरं जास्त वाजली, तसा तो जास्त पळाला. तोरण तोडून, पूजेचं ताट उडवून, पाटलांच्या धाकट्या भावाला चिखलात बसवून मानाचा बैल वडाळीच्या दिशेनं दिसेनासा झाला.

तोरणाचं एक टोक सुटून गुलाबच्या तोंडापुढं लोंबत होतं. त्यानं शांतपणे आंब्याची पानं खायला सुरुवात केली.

"तोरण खाल्लं!" पाटील ओरडले. "रांग मोडली! करीम, मी म्हन्लं होतं!"

"पाटील," यमुनाबाई रांगेतून पुढं आली, "रांग कोनाच्या बैलानं मोडली?"

पाटील पागोटं चाचपू लागले.

"ज्याच्या पायी रांग मोडली त्यानं त्याच दिवशी पेठ सोडावी, हा शब्द तुमचाच ना? मंग कधी निघून राहिले? गाडी पाहिजे असन तर माही हाय."

त्यानंतरचं हसू मैदानात बराच वेळ मावलं नाही. शेवटी पाटीलही हसले, आणि 'हर हर महादेव' म्हणून पोळा फुटला. पुढल्या वर्षी पोरांनी त्या बैलावर आणि उंटावर एक झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं गाणं, रचली. ती मला अजून पाठ आहे, पण या अंकात छापता येणार नाही.

यमुनाबाईच्या दारात पवळ्याला ओवाळून झालं, पण गुलाबच्या कपाळाला तिचा हात पुरेना. ती ओट्यावर चढली, ओट्यावर पाट ठेवला, मग कुंकू लागलं. त्यानं पुरणपोळी खाल्ली आणि आणखी मागितली. आत जोराराम आणि केसरबाई जेवायला बसले. वऱ्हाडी आमटीच्या पहिल्या घोटाला केसरबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. यमुनाबाईला वाटलं ती भारावून रडते आहे, म्हणून तिनं आणखी वाढली. मी आणि बाबूखाँ ओट्यावर पान घेऊन हे दारातून पाहत होतो आणि तोंडं दाबून हसत होतो.

लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, आगगाडी बडनेऱ्याला आली आणि आमच्या आवारातली रीघ ओसरली. जरीची पागोटी पुन्हा साधी झाली. आलेल्यांतले निम्मे जसे आले तसे गेले. जोराराम राहिला. पण मला सांगायचं ते आगगाडीचं नाही, त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

यमुनाबाई पवळ्याला न्यायला आवारात आली होती. तिच्याविषयी एक गोष्ट पेठेत सगळ्यांना ठाऊक होती आणि म्हणूनच कुणी बोलत नसे. नवरा गेल्यापासून सणावाराला तिला कुणी घरी बोलावत नव्हतं. गाड्या भाड्यानं हव्या असल्या की तिच्या दारात रांग लागे; पण हळदीकुंकू, डोहाळजेवण, सणाचं ताट, यांतलं एकही बोलावणं त्या दाराशी येत नसे. एवढी तोंडाळ बाई, पण याविषयी तिनं कधी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही.

केसरबाई छपरातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केला, यमुनाबाईपुढं वाकली आणि म्हणाली, "काले म्हारे घरे जीमबा आवो, बाईसा. लापसी करूंला."

यमुनाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हन्ते रे हे?"

"उद्या जेवायला बोलावते आहे, काकी. गोड करणार आहे."

"मले?"

"तुम्हालाच."

"तिले माहीत नाही काय?" यमुनाबाईचा आवाज इतका खाली आलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "तिले सांग. सणाचं गोड, अन् माह्यासारखीले बोलवत नसतात."

मी केसरबाईला सांगितलं. तिनं मान हलवली. तिच्या मुलखातही रीत तीच होती, तिला सगळं ठाऊक होतं. ती फक्त पुन्हा एकदा तेच म्हणाली, या वेळी जरा मोठ्यानं, "काले आवो, बाईसा."

यमुनाबाईनं पवळ्याच्या पाठीवर हात ठेवला. मग नाक पुसलं, दावं सोडलं आणि जाता जाता मागं न पाहता म्हणाली, "तिले म्हनाव, येतो. पण भाजी तिखट कर म्हनाव. मले फिकं चालत नाही."